खाली बर्फ, वर आग : बालाघाटच्या दगडांच्या चटकदार गोष्टी

आइसलँडमध्ये वात्नायोकुल नावाची एक अवाढव्य हिमटोपी आहे. पसारा सुमारे ७,७०० चौरस किलोमीटर. आपला बालाघाट जिल्हा ९,२२९ चौरस किलोमीटरचा. म्हणजे वारासिवनी, कटंगी, लांजी, बैहर हे सगळं एका पांढऱ्या गोधडीखाली गेलंय आणि कडेकडेची थोडीच जमीन उघडी राहिलीय, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. गोधडीची जाडी सरासरी ४०० मीटरच्या घरात. आणि तिच्याखाली जिवंत ज्वालामुखी!

१९९६ साली तिथे बर्फाखालीच उद्रेक झाला. वितळलेलं पाणी महिनाभर बर्फाखाली साठत राहिलं आणि एके दिवशी बांध फुटावा तसं बाहेर पडलं. ऐन भरात सेकंदाला ४५ ते ५० हजार घनमीटर पाणी वाहत होतं. रस्त्यावरचा लोखंडी पूल वाहून गेला. त्याचे पिळवटलेले गर्डर आजही तिथे स्मारक म्हणून ठेवलेत. वैनगंगेने २०२० च्या ऑगस्टमध्ये बालाघाटपासून गडचिरोलीपर्यंत केलेली दैना ज्यांनी पाहिली, त्यांना पूर म्हणजे काय हे सांगायला नको. पण तो पूर आभाळातून आणि धरणाच्या दारांतून आला होता. आइसलँडचा पूर जमिनीच्या पोटातल्या आगीने आणला.

आता खरी गंमत. ही आग आणि हा बर्फ, दोन्ही पाहुणे आपल्या मुलखात येऊन गेलेत. एकाच वेळी नाही, पाळीपाळीने. आधी आग आली, कोट्यवधी वर्षांनी बर्फ आला, मग पुन्हा आग आली. आइसलँडमध्ये आगीवर बर्फ बसलाय. आपल्याकडे बर्फाच्या खुणांवर आग येऊन गोठली. दोघांच्याही पावलांचे ठसे गोंदिया-बालाघाटच्या डोंगरांत आणि चंद्रपूरच्या नदीकाठी आजही हाताने चाचपता येतात.

गोळीबंद पाक आणि एकतारी पाक

सगळे ज्वालामुखी सारखे नसतात. गुळाचा पाक करणाऱ्या कुणालाही हे चटकन कळेल. एकतारी पाक ताटात ओतला की सरसर पसरतो. गोळीबंद झाला की हलत नाही, आत अडकलेली वाफ फटकन बुडबुडा फोडून बाहेर येते. लाव्ह्याचंही तसंच. त्यात वाळूचं मूळद्रव्य, म्हणजे सिलिका, कमी असेल तर तो पातळ असतो आणि कोसच्या कोस पसरत जातो. गोठल्यावर होतो बेसॉल्ट, आपला ओळखीचा काळा पत्थर. सिलिका जास्त असेल तर लाव्हा चिकट होतो, नळीत अडकतो, आतली वाफ कोंडते आणि मग डोंगर फुटतो. त्यातून होतो ऱ्हायोलाइट.

आपल्या भागातली पहिली आग या दुसऱ्या जातीची. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा-दरेकसाच्या टेकड्यांत आणि तिथून पुढे डोंगरगडच्या अंगाला हा ऱ्हायोलाइट उघडा पडलाय. भूवैज्ञानिक त्याला 'बिजली ऱ्हायोलाइट' म्हणतात. नाव बिजली नावाच्या गावावरून पडलं, पण दगडाच्या स्वभावाला ते अगदी शोभतं. वय सुमारे २५० कोटी वर्षं! तेव्हा जमिनीवर झाड नव्हतं, गवत नव्हतं, समुद्रात मासाही नव्हता. जीव म्हणून जे काही होतं ते डोळ्यांना न दिसणारं. हावडा-मुंबई मार्गाने गाडी दरेकसाच्या घाटात शिरली की खिडकीतून ज्या टेकड्या दिसतात, त्यांना पुढच्या वेळी जरा मानाने बघा. हिमालय त्यांच्यापुढे कालचं पोर आहे, जेमतेम पाच कोटी वर्षांचं.

मलाजखंडचं तांबं

त्याच जुन्या उष्णतेने बालाघाटला एक आहेर दिला. बैहरच्या पुढे, बिरसा तालुक्यात, मलाजखंडला तांब्याची खाण आहे. हिंदुस्तान कॉपरने १९८२ साली इथे काम सुरू केलं. पायऱ्यापायऱ्यांचा एक प्रचंड वाडगा जमिनीत कोरत नेलेला, तळाशी उतरणारे डंपर वरून काडेपेटीएवढे दिसणारे. आता वाडग्याच्या खालीही भूमिगत खाणकाम चालतं.

तांबं तिथे आलं कसं? जमिनीखाली खोल ग्रॅनाइटचा रस थंड होत असताना त्यातलं कढत, खनिजांनी भरलेलं पाणी भेगांतून वर चढलं आणि वाटेत तांबं, मॉलिब्डेनम आणि थोडं सोनंही सोडत गेलं. मॉलिब्डेनमच्या खनिजावरून काढलेलं वय सुमारे २४९ कोटी वर्षं भरतं. अँडीज पर्वतात ज्वालामुखींच्या मुळाशी तांब्याच्या ज्या मोठ्या खाणी आहेत, त्या बहुतेक काही कोटी वर्षांच्या. मलाजखंड त्याच घराण्यातलं असेल तर ते त्या घराण्याच्या अगदी जुन्या पूर्वजांपैकी एक ठरतं. अभ्यासक यावर अजून वाद घालतात. मला तरी त्या वादापेक्षा ही गोष्ट मोठी वाटते की घरातल्या पंख्याच्या मोटरीत गुंडाळलेली तार एवढी जुनी असू शकते.

हाताला काळं लागणारा दगड

बालाघाटचं नाव घेतलं की मँगनीज आठवतंच. गावापासून जवळच भरवेली. तिथला एखादा काळा दगड उचलून पाहा. हात आधी चुकतो, कारण डोळ्यांनी अंदाज केलेला असतो साध्या दगडाचा आणि हातात येतं जवळजवळ पावणेदोन पट वजन. खाली ठेवल्यावर बघावं तर बोटांना काजळी लागलेली. पाण्याने धुतली तरी नखांच्या कडेला उरते.

हा दगड मात्र आगीतून आला नाही. तो समुद्रातून आला! अतिप्राचीन काळी नागपूर-भंडारा-बालाघाटच्या जागी समुद्र होता. त्याच्या तळाशी चिखल, वाळू आणि मँगनीजचा साका एकावर एक बसत गेला. पुढे भूखंड एकमेकांना भिडले, थर चेपले, तापले, घडी घातलेल्या लुगड्यासारखे दुमडले. डब्ल्यू. डी. वेस्ट या शास्त्रज्ञाने १९३६ साली देवलापारजवळच्या खडकांचा अभ्यास करून दाखवलं की तिथे थरच्या थर उलटून दुसऱ्यांवर सरकून बसलेत. नागपूर-जबलपूर रस्त्यावर देवलापारला चहा प्यायला थांबता ना, त्याच गावाची ही गोष्ट. हेच वेस्ट पुढे सागरच्या विद्यापीठात भूविज्ञान शिकवायला राहिले.

या चेपाचेपीत मँगनीज जिथे वाळूशी आणि चिखलाशी मिसळलं होतं, तिथे एक देखणा खडक तयार झाला. त्यात मोहरीएवढे नारिंगी-तांबूस दाणे गच्च बसलेले असतात, मधल्या फटींत पांढरट गारगोटी. थेट राजगिऱ्याची वडी! हे दाणे म्हणजे स्पेसार्टिन नावाचा गार्नेट, दागिन्यांत जो गोमेद-माणकांच्या शेजारी बसतो त्या कुळातला. या खडकाचं जगभरच्या पुस्तकांतलं नाव आहे गोंडाइट. होय, आपल्या गोंडांवरून. ब्राझीलमध्ये किंवा आफ्रिकेत असा खडक सापडला तरी तिथला प्राध्यापक फळ्यावर 'गोंडाइट' असंच लिहितो.

हे नाव दिलं लुइस ली फर्मर यांनी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे हे अधिकारी मध्य प्रांतातल्या मँगनीजच्या मागे अक्षरशः रानोमाळ फिरले. १९०९ साली त्यांचा भारतातल्या मँगनीजवरचा ग्रंथ निघाला, हजाराहून जास्त पानांचा. छिंदवाड्याच्या सीतापारवरून त्यांनी एका खनिजाला सीतापाराइट म्हटलं. त्याच सीतापारला सापडलेल्या दुसऱ्या एका खनिजाला इतरांनी त्यांच्यावरून फर्मराइट हे नाव दिलं. पुढे ते सर्वेक्षणाचे संचालक झाले.

फर्मरांचा मुलगा माहीत आहे? पॅट्रिक ली फर्मर. इंग्रजीतला नावाजलेला प्रवासलेखक. अठराव्या वर्षी हॉलंडहून पायी निघून इस्तंबूलपर्यंत चालत गेला. दुसऱ्या महायुद्धात, एप्रिल १९४४ मध्ये, त्याने क्रीट बेटावर साथीदारांसह जर्मन जनरल क्रायपेला त्याच्याच मोटारीतून पळवून नेलं! बाप सातपुड्यात दगड गोळा करत फिरला, लेक युरोपभर फिरला. पायाला भिंगरी घराण्यातच होती म्हणायची.

थोडी मँगनीजची करामत

भरवेलीची खाण ही आशियातली सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते. ४०० मीटरच्या पुढे गेलीय. कुतुबमिनार ७३ मीटरचा, म्हणजे एकावर एक पाच मिनार उभे केले तरी तळ गाठत नाही. वात्नायोकुलच्या बर्फाची जाडी एवढीच, आठवतंय? तिथे चारशे मीटर बर्फ डोक्यावर, इथे पाळीवर उतरलेल्या कामगाराच्या डोक्यावर चारशे मीटर दगड. भरवेली, उकवा, तिरोडी या बालाघाटच्या खाणी, भंडाऱ्याच्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, नागपूरच्या मनसर, कांद्री, गुमगाव या सगळ्या आज मॉयल कंपनीच्या. तिचं मुख्यालय नागपुरात. मुळं १८९६ च्या एका ब्रिटिश सिंडिकेटपर्यंत जातात.

एवढं मँगनीज जातं कुठे? मुख्यतः पोलादात. त्याच्याशिवाय पोलाद ठिसूळ राहतं. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १८८२ मध्ये त्यात बारा-तेरा टक्के मँगनीज घालून पाहिलं आणि एक अजब धातू हाती आला, जितका ठोकाल तितका वरून कठीण होणारा. रेल्वेचे रूळ जिथे एकमेकांना छेदतात, तिथे चाकांचा मार सोसायला असंच पोलाद बसवतात. गोंदिया जंक्शनवर गाडी रूळ बदलताना खडखडाट होतो, तेव्हा मार खाणारा आणि मार खाऊन अधिक कणखर होणारा धातू तोच.

जुन्या टॉर्चच्या सेलमधली काळी भुकटी म्हणजे मँगनीज डायऑक्साइड. डोंगरी बुजुर्गचा माल यासाठी प्रसिद्ध. आणि गावात पटकीची साथ आली की विहिरीत जांभळं औषध टाकायचे, ते पोटॅशियम परमँगनेट. तेसुद्धा मँगनीजच!

एसटी स्टँडवरचं भूविज्ञान

मला सगळ्यांत आवडणारा भाग हा. आमगाव, साकोली, तिरोडी, सौसर, मनसर, कामठी, डोंगरगड. वाचताना वाटेल कंडक्टर थांबे पुकारतोय. पण भूवैज्ञानिकाला विचारा, तो म्हणेल ही तर खडकांची नावं आहेत! आमगाव नाइस, साकोली गट, तिरोडी नाइस, सौसर गट, मनसर शैलसमूह, कामठी शैलसमूह, डोंगरगड महागट. सौसर गटाच्या थरांची यादी तर अजून गोड आहे: सीतासावंगी, लोहांगी, मनसर, चोरबावली, जुनेवानी, बिछुआ. आपल्या आत्याचं गाव, मावशीचं गाव, आणि खाणीचं गाव.

तिरोडीच्या नावाने तर एक खनिजही निघालं, तिरोडाइट. १९३८ साली डन आणि रॉय या दोघांनी ते नोंदवलं. नव्या नियमांत ते नाव मागे पडलं, पण जुन्या संग्रहांतल्या चिठ्ठ्यांवर तिरोडी अजून आहेच.

शेतकऱ्याचं भूविज्ञान याहून जुनं आहे. झाडीपट्टीतला माणूस जमिनीला नुसतं 'माती' म्हणत नाही. काळी, भेगाळणारी ती कन्हार. त्याहून हलकी मोरंड. पिवळसर रेताड, धानाला मानवणारी ती सिहार. कन्हार कुठल्या दगडातून झाली आणि सिहार कुठल्या, हे प्रयोगशाळेत सिद्ध व्हायच्या कितीतरी आधी बांधावर ठरलेलं होतं.

चंद्रपूरचा बर्फ

आता बर्फाकडे येऊ. तो बालाघाटच्या हद्दीत नाही. त्यासाठी वैनगंगेचं बोट धरून खाली चंद्रपूरच्या मुलखात उतरावं लागतं.

हो, चंद्रपूर! मे महिन्यात पारा ४७-४८ अंशांवर जाऊन देशभरच्या बातम्यांत येणारं चंद्रपूर. जिथे दुपारी कुत्रंही सावली सोडत नाही, तिथे हिमनदीने दगडावर ओढलेले ओरखडे आहेत.

गोष्ट सुरू होते ओडिशात. १८५६ साली विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ आणि विल्यम थिओबाल्ड तालचीरच्या कोळशाच्या भागात काम करत होते. तिथे त्यांना एक विचित्र थर दिसला. पिठासारखा बारीक चिखल, आणि त्यातच माणसाच्या डोक्याएवढे, कुठे त्याहून मोठे धोंडे. जरा विचार करा. नदी धोंडे वाहून आणते तेव्हा तिथला बारीक चिखल धुऊन नेते. शांत पाण्यात चिखल बसतो तेव्हा धोंडा येणार कुठून? दोघं एका ठिकाणी नांदणं अवघड. त्यांनी लिहिलं की हे बर्फाचं काम असावं. उष्ण कटिबंधात, भारतात, बर्फ! त्या काळी हे म्हणायला छाती लागत होती.

भक्कम पुरावा चंद्रपूरने दिला. सर्वेक्षणाचे फ्रान्सिस फेडन यांना ईरई गावाजवळ असाच धोंड्यांचा थर सापडला, आणि त्याच्या खाली चुनखडीची फरशी. फरशी घासून गुळगुळीत झालेली आणि तिच्यावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा, खोबणी. १८७५ साली त्यांचा लेख छापून आला. रेघांचं कारण सोपं आहे. हिमनदी म्हणजे सरकणारा बर्फ, आणि तिच्या तळात दगड गोठून बसलेले असतात. ती सरकते तेव्हा खालच्या कातळावर सँडपेपर ओढावा तसं होतं. पाणी कातळाला गोलाई देतं. सरळ रेघा ओढणं त्याला जमत नाही.

या थरातला एखादा गोटा हातात घेतलात तर खूण पटते. नदीतला गोटा सगळीकडून वाटोळा, वरवंट्याच्या टोकासारखा. हिमनदीचा गोटा एका अंगाने सपाट, जणू कुणी इस्त्रीचा तळ घासून काढलाय. त्या सपाट बाजूवर बोट फिरवलं की बारीक चरे लागतात. गोटा बर्फात घट्ट धरलेला होता, तीच बाजू खाली घासत गेली, मग कधीतरी तो थोडा वळला आणि दुसरी बाजू घासली गेली. आजूबाजूचा हिरवट शेल इतका ठिसूळ की हातात सुयांसारखे तुकडे होतात. पाटीवरच्या पेन्सिलीची आठवण यावी असे.

हे सगळं घडलं सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी. थंडी चंद्रपूरला आली नव्हती, चंद्रपूरच थंडीत होतं! आपला भूखंड दक्षिण ध्रुवाच्या जवळ होता, अंटार्क्टिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिका यांना चिकटून. तिथून तो सरकत सरकत इथवर आला. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास त्याचा वेग वर्षाला पंधरा सेंटिमीटरच्या पुढे गेला होता. नखं वर्षाला तीन-चार सेंटिमीटर वाढतात, त्या हिशेबाने ही धावपळच.

बर्फ वितळला तेव्हा समुद्र चढला आणि थेट मध्य भारतात शिरला. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडला, हसदेव नदीच्या काठी, थंड समुद्रातल्या शिंपल्यांचे जीवाश्म आहेत. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, सालाच्या रानात! मग समुद्र हटला, दलदली आल्या, जंगल आलं, आणि त्या जंगलाचा कोळसा झाला. वणी, बल्लारपूर, उमरेड. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात जी आग पेटते, ती बर्फ वितळल्यावर उगवलेल्या झाडांची.

गोंडांचं नाव दक्षिण ध्रुवापर्यंत

त्या कोळशाच्या थरांत एक पान सतत भेटतं, ग्लोसोप्टेरिस. ग्रीक भाषेत अर्थ जिभेसारखा नेचा. लांबट, मधोमध ठसठशीत शीर, बाजूंना जाळी.

१९१२ साली कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परतताना थंडीने आणि उपासमारीने गेले. काही महिन्यांनी शोधपथकाला त्यांचा तंबू सापडला. सोबत सुमारे १६ किलो दगड होते, बिअर्डमोर हिमनदीच्या परिसरातून जमवलेले. पाय उचलवत नव्हते तरी ते त्यांनी टाकले नाहीत. त्या दगडांत ग्लोसोप्टेरिसची पानं निघाली. जे पान चंद्रपूरच्या कोळशात, तेच ध्रुवाजवळच्या दगडात. दोन्ही जमिनी कधीकाळी एक होत्या, याचा त्याहून हृदयाला भिडणारा पुरावा मला माहीत नाही.

आणि त्या एकत्र भूखंडाचं नाव? गोंडवन. हेन्री मेडलिकॉट यांनी १८७२ मध्ये सातपुड्यातल्या या थरांसाठी हा शब्द योजला, १८७६ मध्ये ओटोकार फाइस्टमांटेल यांनी तो छापला, आणि १८८५ मध्ये व्हिएन्नाच्या एडुआर्ट स्यूस यांनी जुळलेल्या दक्षिण खंडांनाच गोंडवनलँड म्हटलं. बैहरच्या बाजाराला मोहफुलं घेऊन आलेली गोंड आजी ज्या समाजाची, त्याचं नाव ब्युनोस आयरिसपासून सिडनीपर्यंतच्या पोरांच्या पाठ्यपुस्तकात आहे. खडकाला गोंडाइट आणि अर्ध्या पृथ्वीला गोंडवन! दुसऱ्या कुठल्या समाजाच्या वाट्याला असा दुहेरी मान आल्याचं माझ्या वाचनात नाही. बालाघाटच्या शाळेत हे मोठ्या आवाजात सांगायला हवं.

नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज तिथे आहे, त्यांना खडक आणि गोंड हे दोन्ही धागे दिसले होते. धर्मोपदेशक म्हणून आलेला हा माणूस रॉबर्ट हंटरबरोबर नागपूरच्या परिसरातले जीवाश्म गोळा करायचा, १८५५ मध्ये त्यावर लेख लिहिला, आणि गोंडांची भाषा नि गाणीही टिपून ठेवायचा. १८६३ मध्ये टाकळघाटची शिलावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पुराच्या नाल्यात ते वाहून गेले.

दुसरी आग

बर्फ गेल्यावर तब्बल तेवीस कोटी वर्षांनी, आजपासून ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, एकतारी पाक ओतला गेला. दख्खनचा लाव्हा. आजही तो सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर उरलाय. सह्याद्रीत त्याची जाडी दीड किलोमीटरच्या पुढे, पूर्वेकडे येता येता पातळ होत जाते. नागपूर अगदी काठावर बसलंय. सीताबर्डीचा किल्ला लाव्ह्यावर, आणि पूर्वेकडे गेलं की जुने खडक सुरू. वर्धेच्या खोऱ्यात मात्र पूर्ण उतरंड बघायला मिळते. तळाला बर्फाचे धोंडे, त्यावर कोळसा, त्यावर कामठीचा वाळूखडक आणि सगळ्यांत वर काळा लाव्हा. खाली बर्फ, वर आग!

बालाघाटच्या उत्तरेला मंडला-कान्हाकडे तोंड केलं की तेच काळे थर पुन्हा भेटतात. कान्हाचं मुक्की गेट बालाघाट जिल्ह्यातच. तिथल्या टेकड्यांचे माथे टेबलासारखे सपाट. लोक त्यांना दादर म्हणतात, बम्हनी दादर त्यातलं प्रसिद्ध. आइसलँडच्या हेर्दुब्रेद डोंगराचाही माथा असाच सपाट आहे, पण कारण निराळं. तिथे लाव्हा बर्फाखाली फुटला. बर्फाच्या पाण्यात पडून त्याचा काचेसारखा चुरा झाला, चुऱ्याचा ढीग वाढत वाढत बर्फाच्या वर आला, आणि मग उघड्यावर लाव्ह्याने त्याला झाकण घातलं. बर्फ गेला, झाकणाचा डोंगर राहिला. आपल्या दादरांना साचा लागला नाही. पातळ लाव्हा आडवाच पसरला होता, वर जांभ्याची टोपी बसली, आणि नद्यांनी कडा कोरून काढल्या.

लाव्ह्याच्या आगेमागे इथे डायनासोर फिरत होते. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ पिसदुरा गावी त्यांच्या शेणाचे दगड झालेले गोटे सापडतात. २००५ साली वंदना प्रसाद, अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते तपासले तेव्हा आत गवताचे सूक्ष्म अवशेष निघाले. डायनासोरांच्या काळात गवत नव्हतं असं तोवर मानत होते! २०११ मध्ये पुढची बातमी आली. त्यात भाताच्या कुळातल्या गवताचेही अंश आहेत. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या सुवासिक भाताच्या दूरच्या नातेवाइकावर विदर्भात डायनासोर चरून गेलेत.

लाव्ह्याची वाट, वैनगंगेची वाट

आंध्रात राजमहेंद्रीला, गोदावरीच्या काठी, काळ्या बेसॉल्टचा एक छोटा पट्टा आहे. दख्खनच्या मुख्य पठारापासून शेकडो किलोमीटर तुटलेला, बंगालच्या उपसागराच्या उंबरठ्यावर. तो आला कुठून? रसायन जुळवलं, वय जुळवलं, आणि २००८ मध्ये अभ्यासकांच्या एका गटाने मांडलं की हा पश्चिमेचाच लाव्हा. जुन्या नद्यांच्या खोऱ्यांतून तो वाहत गेला, सुमारे हजार किलोमीटर. असं असेल तर पृथ्वीवरच्या सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांत त्याची गणना होते.

वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावी उगम पावते. बालाघाटला शहराच्या कडेने जाते, गोंदिया-भंडाऱ्यातून उतरते, वर्धेला भेटून प्राणहिता होते, सिरोंच्याजवळ गोदावरीत मिसळते आणि राजमहेंद्रीच्या पुलाखालून समुद्राकडे निघते. बालाघाटच्या घाटावर सोडलेला दिवा बुडाला नाही, तर तो जिथे पोचेल तिथे काठावर आपल्याकडचा काळा दगड आधीच बसलेला आहे, साडेसहा कोटी वर्षांपासून.